चार वेळा सांगितलं, पाचव्यांदा लिहिलं गेलं : एका आश्रमशाळेचं प्रकरण

खानदेशातल्या एका अनुदानित आश्रमशाळेत वसतिगृहाचा अधीक्षक मुलांचं लैंगिक शोषण करत होता. त्याबद्दल बोलणारी माणसं पहिल्या महिन्यापासून होती, तरी गुन्हा नोंदायला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत कोण काय बोललं, ऐकणाऱ्याने त्याचं काय केलं आणि बोलणाऱ्याला काय भोगावं लागलं, याची ही मांडणी आहे. ओळख पटू नये म्हणून शाळा, तालुका, काळ आणि काही तपशील बदलले आहेत. अत्याचाराचं वर्णन मुद्दाम टाळलं आहे.

पार्श्वभूमी

शाळा सातपुड्याच्या पायथ्याशी, पहिली ते दहावी. मुलं-मुली बहुतेक पावरा आणि भिल्ल कुटुंबांतली, निवासी. शाळा एका संस्थेची, अनुदान आदिवासी विकास विभागाचं, देखरेख प्रकल्प कार्यालयाची. मुलींसाठी अधीक्षिका, मुलांसाठी अधीक्षक. अधीक्षकाची खोली मुलांच्या निवासाला लागूनच होती. रात्री नऊनंतर मुलांच्या बाजूला मोठं माणूस म्हणजे तो, फाटकावरचा चौकीदार आणि पहाटेच्या स्वयंपाकासाठी मुक्कामी राहणारी एक कामाठी. कामाठी बाई संस्थेने मानधनावर ठेवलेल्या, पावरा समाजातल्या. मुलं त्यांना मावशी म्हणत.

अधीक्षकाच्या हातात काय काय होतं, हे नीट पाहायला हवं. घरी फोन लावायचा तर त्याच्या मोबाइलवरून. घरी जायची परवानगी त्याच्या सहीने. तापाची गोळी त्याच्या कपाटातून. नवं अंथरूण, साबण, खोबरेल तेल वाटायचं त्यानेच. तक्रार करायची तर पहिला टप्पाही तोच. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला जे जे लागतं ते सगळं एकाच माणसाकडे एकवटलं होतं आणि संस्थेला यात वावगं काही वाटत नव्हतं.

त्यात दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. बरेच जण होळीला परततात, काही हंगाम संपल्यावरच. या मधल्या काळात शाळेत येऊन जाब विचारणारं घरचं माणूस म्हणजे आजी, नाहीतर मामा.

काय दिसत होतं

अधीक्षक रात्री पाचवी-सहावीतल्या मुलांना आळीपाळीने पाय दाबायला खोलीवर बोलावत असे. हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. शिपायापासून शिक्षकांपर्यंत कुणी त्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं नाही. मोठ्यांचे पाय चेपणं आपल्याकडे सेवा समजतात आणि या प्रकरणात हीच समजूत आडोसा ठरली.

कामाठी बाईंच्या लक्षात आलं ते वेगळं होतं. बोलावणं ठरावीक चार-पाच मुलांनाच असे. त्या रात्री ती मुलं परत निवासात न जाता चुलीजवळ येऊन पडत. एकाचं अंथरूण ओलं होऊ लागलं, दुसऱ्याने अंघोळीच्या वेळी सदरा काढणं बंद केलं. त्यांनी पावरीतून विचारलं तेव्हा एक मुलगा एवढंच म्हणाला की तिकडे जायचं नाही.

चार वेळा सांगितलं गेलं

पहिल्यांदा बाईंनी मुख्याध्यापकांना तोंडी सांगितलं : सर पोरांना रात्री खोलीवर बोलावतात, पोरं घाबरतात. मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं आणि त्याच संध्याकाळी अधीक्षकाला बोलावून बाईंच्या नावासकट सगळं विचारलं. अधीक्षकाने हसण्यावारी नेलं. पुढच्या आठवड्यात बाईंची रात्रपाळी बंद झाली, हजेरीपटावर चार दिवसांचे खाडे लागले. मुलांना सांगण्यात आलं की मावशीशी बोलाल तर घरी पाठवू. दिवाळीनंतर घरी कुणीच नसणार, हे मुलांना ठाऊक होतं.

दुसऱ्यांदा त्या एका तरुण शिक्षिकेशी बोलल्या. शिक्षिका परिविक्षेवर होत्या, म्हणजे नोकरी अजून कायम नव्हती, घाबरल्या, तरी त्यांनी संस्थेच्या सचिवांना व्हॉट्सॲपवर तीन ओळींचा निरोप पाठवला. सचिवांचा फोन आला : पुरावा काय आहे? असेल तर लेखी द्या, नसेल तर संस्थेची बदनामी करू नका. शिक्षिकेने लेखी दिलं नाही. त्या निरोपाचं पुढे काय झालं ते खाली येईल.

तिसऱ्यांदा तक्रारपेटीत एक चिठ्ठी पडली. अक्षर लहान मुलाचं, सही नाही. पेटीची किल्ली मुख्याध्यापकांकडे, उघडताना दुसरं कुणी हजर नाही. चिठ्ठी निनावी म्हणून दप्तरी दाखल झाली. पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याखाली, माहिती देणाऱ्याने नाव सांगायलाच हवं अशी अट नाही, चिठ्ठीतला मजकूर हीच माहिती. मुख्याध्यापकांनी सहीची जागा पाहिली, मजकूर पाहिला नाही.

चौथ्यांदा दिवाळीच्या सुट्टीत सहावीतल्या मुलाने शाळेत परत जायला नकार दिला आणि आजीला कारणही सांगितलं. मामा शाळेत आले. मुख्याध्यापक त्यांच्याशी अहिराणीत अगदी आपुलकीने बोलले : पोराला घरची आठवण येते, बहाणे करतो, बोभाटा कशाला, आठेज मिटाडी टाका (इथेच मिटवून टाका). मुलगा परत वसतिगृहात आला. या चारही वेळा ऐकणाऱ्यांनी बोलणारा कोण आहे हे तोललं : मानधनावरची बाई, नवखी शिक्षिका, निनावी पोर, अडाणी मामा. कुणीही एक तारीख घालून एक ओळसुद्धा लिहिली नाही.

पाचव्यांदा

नोव्हेंबरअखेर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं : दोन वैद्यकीय अधिकारी, औषधनिर्माता आणि परिचारिका. ओसरीत रांग, वजन, उंची, डोळे, दात. अशा रांगेत कोणतंही मूल मनातलं बोलत नाही. तोच सहावीतला मुलगा पोट तपासायला हात लावताच मागे सरला. परिचारिकेने आग्रह केला नाही. चहा घेऊन आलेल्या कामाठी बाई हळूच म्हणाल्या, सिस्टर, त्याला बाजूला घेऊन विचारा.

सिस्टरनी त्याला समोरच्या वर्गाच्या पायरीवर बसवलं. सगळ्यांना दिसेल, पण ऐकू जाणार नाही असं अंतर ठेवलं. मावशी जवळ हव्यात का, हे त्यालाच विचारलं. तो हो म्हणाला. पहिला प्रश्न एवढाच : तुला काही सांगायचं आहे का? नंतरचे प्रश्न ‘मग?’ आणि ‘अजून काही?’ एवढेच. सरांनी इथे हात लावला का, असं एकदाही विचारलं नाही. अशा प्रश्नाला मूल हो म्हणालं तर पुढे कोर्टात ते उत्तर शिकवलेलं ठरवता येतं, आणि नाही म्हणालं तर दार कायमचं बंद होतं. कुणाला सांगू नका, असं मुलगा म्हणाला तेव्हा सिस्टरनी खोटं वचन दिलं नाही. ज्यांना सांगितल्याने हे थांबेल त्यांनाच सांगेन आणि सांगण्याआधी तुला कळवेन, असं म्हणाल्या.

मग त्यांनी तिथेच बसून लिहिलं. तारीख, वेळ, जागा, जवळ कोण होतं. मुलाचे शब्द पावरीत जसेच्या तसे देवनागरीत, खाली मावशींनी सांगितलेला मराठी अर्थ, आणि तो अर्थ कुणी सांगितला त्याची नोंद. स्वतः विचारलेले प्रश्नही उतरवले. कामाठी बाईंचं म्हणणं वेगळ्या पानावर, दोन भागांत : डोळ्यांनी पाहिलेलं आणि मुलांकडून ऐकलेलं. हे दोन्ही मिसळले की चांगला साक्षीदारही उलटतपासणीत अडखळतो. पान वाचून दाखवलं, दुरुस्ती विचारली, अंगठा घेतला. मुलाचा फोटो काढला नाही. मजकूर कोणत्याही ग्रुपवर टाकला नाही.

कोणते पर्याय होते

दुपारी जीपजवळ पथकात जे बोलणं झालं तो या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा अर्धा तास.

एक वैद्यकीय अधिकारी म्हणाले, शाळा दुसऱ्या खात्याची, मुख्याध्यापकांना सांगून मोकळं होऊ. पण मुख्याध्यापकांना आधीच सांगितलेलं होतं आणि त्याचं फळ बाईंनी भोगलं होतं. शिवाय संध्याकाळपर्यंत आरोपीला कळलं असतं आणि मुलं रात्री त्याच आवारात झोपणार होती. दुसरा पर्याय प्रकल्प कार्यालयाला रीतसर पत्र. ते आवकजावकमधून फिरून टेबलावर पोचायला आठवडा गेला असता. तिसरा, आधी आईवडिलांना बोलावून त्यांची संमती घेणं. ते बारडोलीकडे फडात होते, आणि माहिती देण्यासाठी पालकांची संमती लागतही नाही.

बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे पोक्सोचं कलम १९ कोणत्याही व्यक्तीला लागू आहे. गुन्हा घडल्याचं माहीत असेल किंवा घडेल अशी भीती असेल तर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचंच. वरिष्ठांना कळवलं म्हणून हे कर्तव्य संपत नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृह प्रकरणात मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर पोलिसांना न कळवल्याचा गुन्हा होता. उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कायम केला. सिस्टरनी ही आठवण करून दिल्यावर दोन्ही डॉक्टर गप्प झाले.

‘खोटं निघालं तर?’ हा प्रश्नही आला, आणि तो प्रामाणिक होता. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, हे कलम १९ मध्येच आहे. कलम २२ ची शिक्षा बदनामी, धमकी किंवा खंडणीच्या हेतूने रचलेल्या तक्रारीला आहे आणि ती मुलाला कधीच लागू होत नाही. खरंखोटं ठरवणं ऐकणाऱ्याचं काम नाही.

उरला चौथा पर्याय : पोलीस ठाणं आणि १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन. तो आज की उद्या, एवढंच ठरवायचं होतं. मुलं आज रात्री कुठे झोपणार, या एका प्रश्नाने ते ठरलं. पुढच्या गावची तपासणी सोडून पथक थेट तालुक्याला गेलं.

पुढे काय केलं गेलं

ठाण्यात पहिलं उत्तर ठरलेलंच होतं : मॅडम बंदोबस्ताला गेल्यात, उद्या या, शाळेचं पत्र आणा. सिस्टरनी लेखी माहिती पुढे केली, नोंद क्रमांक मागितला आणि तिथूनच १०९८ लावला. जिल्हा बाल संरक्षण कक्षातून निरीक्षकांना फोन आला. त्यानंतर नोंद झाली, वाचून दाखवली गेली, गुन्हा दाखल झाला. बदलापूरच्या पालकांना ऑगस्ट २०२४ मध्ये गुन्हा नोंदवायला किती तास बसावं लागलं, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. लेखी कागद आणि नोंद क्रमांकाचा आग्रह हा अशा वेळी एकच भरवशाचा मार्ग.

आरोपीला त्याच संध्याकाळी आवारातून नेलं. हा निर्णय अगदी योग्य होता. अनेकदा उलट होतं : ‘सुरक्षेसाठी’ मुलांना घरी धाडतात, आरोपी खोलीतच राहतो, मुलाची शाळा सुटते. बाल कल्याण समिती आणि विशेष न्यायालय यांना चोवीस तासांत कळवलं गेलं. समितीने मुलांना साहाय्यक व्यक्ती, म्हणजे तपासात आणि खटल्यात साथ देणारं माणूस, नेमून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र चूक झाली. ठाण्यातले एक अधिकारी गणवेशात, सरकारी जीप घेऊन शाळेत गेले आणि उरलेल्या मुलांना मुख्याध्यापकांच्या खोलीत, मुख्याध्यापकांसमोरच विचारलं. एक मुलगा म्हणाला, काही नाही झालं. ते तसंच लिहिलं गेलं. कलम २४ सांगतं की जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने किंवा त्याहून वरच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना घ्यावा. चार दिवसांनी मामाच्या घरी, शाळेशी संबंध नसलेल्या पावरी दुभाष्यासोबत त्याच मुलाने सगळं सांगितलं. बचाव पक्ष आता त्या पहिल्या ‘काही नाही’वर उभा आहे.

मुलं अनुसूचित जमातीची, आरोपी बिगरआदिवासी. तरी १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाची कलमं पहिल्या दिवशी लागली नाहीत. जातीचे दाखले प्रकल्प कार्यालयाकडून मिळाल्यावर लागली आणि तपास उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे गेला. ही कलमं लागणं साक्षीदारांसाठीही महत्त्वाचं आहे. त्या कायद्याच्या कलम १५अ खाली पीडित आणि साक्षीदार दोघांनाही संरक्षण आणि प्रवासखर्च मिळतो. कामाठी बाईंना जिल्ह्याच्या कोर्टात एक खेप म्हणजे मजुरीचा दिवस बुडतो आणि दोन गाड्या बदलाव्या लागतात.

दबाव वेगळ्या वाटेने आला. गावात बैठक बसली, कारभारी आणि पोलीस पाटील हजर, ‘लेकराचं नाव खराब होईल’ म्हणत पैशांची बोलणी झाली. पोक्सोचा गुन्हा तडजोडीने मिटत नाही. राजस्थानातल्या एका शिक्षकाचा तडजोडीवर रद्द झालेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा उभा केला. साहाय्यक व्यक्तीने गावात जाऊन हे पावरीतून समजावलं. दोन कुटुंबं ठाम राहिली. एका कुटुंबाने बोलणं थांबवलं.

संस्थेतल्या कुणीतरी मुलांची नावं पालकांच्या ग्रुपवर टाकली. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७४ ओळख उघड करायला मनाई करतं, आणि ते वर्तमानपत्रापुरतं नाही, इतर संपर्कमाध्यमांनाही लागू आहे. मजकूर काढायला लावला, पण तोवर तो पाड्यापाड्यांत पोचला होता.

निष्पत्ती

अधीक्षक अटकेत, दोषारोपपत्र दाखल. शैक्षणिक संस्थेतल्या कर्मचाऱ्याने केलेला म्हणून गुन्हा गंभीर लैंगिक हल्ल्याचा. त्याला पाच ते सात वर्षांची शिक्षा आहे. न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष व्हावी असं कलम ३५ म्हणतं. इथे बरेच महिने गेले. खटला चालू आहे.

मुख्याध्यापक आणि सचिवांवर कलम २१ खाली गुन्हा आहे. आम्हाला लेखी कुणी काही दिलंच नाही, हा दोघांचाही बचाव. सचिवांच्या बाबतीत तो टिकला नाही, कारण शिक्षिकेने तीन ओळींचा तो निरोप आणि जुना फोन जपून ठेवला होता. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडून तो दाखल झाला. तारीख आणि ‘वाचलं’ची खूण दोन्ही आहेत. मुख्याध्यापकांपर्यंत पोचलेलं सगळं तोंडी होतं आणि चिठ्ठी सापडली नाही. तिथे फक्त बोललेला शब्द आहे.

या मुलांपैकी एक शाळा सोडून आईबापांसोबत फडावर गेला. कामाठी बाईंना गुन्ह्यानंतर आठवडाभरात संस्थेने काढलं. प्रकल्प अधिकाऱ्यांच्या लेखी आदेशानंतर परत घेतलं, थकलेलं मानधन दोन हप्त्यांत दिलं. शिक्षिका शाळा सोडून गेल्या.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांकडे लैंगिक अत्याचाराचा पुरावा नव्हता, हे मान्य. पण रात्री मुलाला खोलीवर बोलावणं थांबवायला पुरावा कशाला हवा? ‘आजपासून नऊनंतर कोणतंही मूल कोणाच्याही खोलीवर जाणार नाही’ एवढा लेखी आदेश त्याच संध्याकाळी काढता आला असता. पोलिसांना कळवून, बाईंचं नाव आरोपीला न सांगता. सांगणाऱ्याचं नाव फोडणं ही या प्रकरणातली सर्वांत महाग पडलेली कृती आहे असं आमचं ठाम मत आहे. पुढचे चार महिने त्यातूनच गेले.

सचिवांचं ‘लेखी द्या’ वरवर रीतसर वाटतं. मराठी लिहिता न येणाऱ्या बाईला ते म्हणजे दार लावणंच. लिहायची जबाबदारी ऐकणाऱ्याची. पोलिसांवरही कलम १९ तेच बंधन घालतं : ऐकून लिहायचं, वाचून दाखवायचं.

शिक्षिकेबद्दल बोलताना जपून बोलायला हवं. त्यांनी पोलिसांना कळवायला हवं होतं, हे कायद्याने खरं. पण परिविक्षेवरच्या एकट्या बाईला १०९८ वर नाव न सांगता माहिती देता येते, हे शाळेतल्या एकाही भिंतीवर लिहिलेलं नव्हतं. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असायची ती सखी सावित्री समिती कागदावर होती, तिची बैठक झालेली नव्हती.

तक्रारपेटीला दोन कुलपं हवीत, एक किल्ली शाळेबाहेरच्या माणसाकडे, उदाहरणार्थ आरोग्य उपकेंद्रातल्या परिचारिकेकडे. दर शनिवारी दोघांनी मिळून उघडायची, काही नसेल तर ‘निरंक’ अशी नोंद करायची. निनावी चिठ्ठीही क्रमांक घालून नोंदवायची. मुलांना घरी फोन लावायला अधीक्षकाचा मोबाइल सोडून दुसरा फोन हवा, आणि बोलताना तो जवळ उभा नको. २०२० च्या पोक्सो नियमांनुसार मुलांशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी वेळोवेळी व्हायला हवी. इथे नेमणुकीनंतर ती एकदाही झाली नव्हती.

आरोग्य पथकाने बहुतेक सगळं नीट केलं. एक राहिलं : सिस्टरनी मुलाला ‘सांगण्याआधी तुला कळवेन’ म्हटलं होतं, आणि ठाण्यात जायच्या घाईत ते सुटलं. संध्याकाळी पोलीस आले तेव्हा तो स्वयंपाकघरात लपला. पायरीवर परत जाऊन आज संध्याकाळी काय होईल हे त्याला सांगायला दोन मिनिटं पुरली असती.

कामाठी बाईंच्या रक्षणाचा विचार कुणीच वेळेवर केला नाही. गुन्हा नोंदला त्याच दिवशी साक्षीदार म्हणून त्यांचं नाव, मानधनाची स्थिती आणि हजेरीपटाची प्रत प्रकल्प कार्यालयाला कळवायला हवी होती, म्हणजे आठवड्यानंतरची बडतर्फी तिथेच अडली असती. साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करता येतो. सरकारी वकिलांनी तो साक्षीच्या तारखेआधीच द्यावा. बाईंची साक्ष अजून व्हायची आहे. मानधनावरची माणसं ही संस्था दर जूनमध्ये नव्याने नेमते, तेव्हा येत्या यादीत त्यांचं नाव आहे की नाही, हे प्रकल्प कार्यालयाने मे महिन्यातच लेखी विचारलं पाहिजे.